६४ खणांची पेटी आणि आमचा नाताळचा पसारा

नाताळची सजावट वर्षभर ठेवण्यासाठी चौकोनी, कापडी, चेनच्या पेट्या मिळतात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. घेतल्या घेतल्या लिहायला बसले असते तर साडेचार दिले असते, कारण रिकामी असताना ही पेटी फार शहाणी दिसते. भरायला घेतली की तिचा स्वभाव कळतो.

आधी पेटी कशी आहे ते सांगते. बाहेरून जाडसर नॉनवोव्हन (न विणता, धागे दाबून केलेलं) कापड, कापडाच्या आत पुठ्ठ्याच्या भिंती, वर मऊ पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आणि तिन्ही बाजूंनी फिरणारी चेन. आत एकावर एक बसणारे चार ट्रे, एकेका ट्रेमध्ये सोळा खण, असे एकूण ६४. खण तीन इंची. खणांच्या भिंती म्हणजे खाचा पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्या एकमेकींत आडव्या-उभ्या अडकवायच्या. उचलायला दोन बाजूंना पट्टे, आणि एका बाजूला नाव लिहून चिठ्ठी सरकवायचा छोटा खिसा. हा खिसा मला सगळ्यात आवडला. त्याबद्दल पुढे.

खोक्यावरच्या फोटोत ६४ खणांत ६४ लाल-सोनेरी बॉल बसवलेत. सगळे एका मापाचे, एका झळाळीचे. अशी सजावट घरात कोणाकडे असते? ती मोठ्या हॉटेलच्या लॉबीत असते. घरात जमा होते ती कोणीतरी दिलेली, कोणीतरी हाताने केलेली, कोणाच्या घराची आवराआवर झाल्यावर ‘तूच ने गं आता’ म्हणून गळ्यात पडलेली. आमच्या ढिगात तीन इंची बॉल आहेतही, पण ते गर्दीचं काम करतात. झाडावर पुढच्या बाजूला ज्यांचा मान असतो, त्यांतलं एकही या खणात सरळ बसत नाही.

उदाहरणार्थ, आजीचा लोलक. फुगीर काचेचा, लांबट थेंबाच्या आकाराचा, टोक धरून पाच इंच तरी भरेल. आतून रुपेरी, बाहेरून फिका गुलाबी, आणि पोटात एका बाजूला वाटीसारखा आत दाबलेला खळगा. त्या खळग्याला बारीक चुण्या आहेत. जवळ एखादा दिवा लागला की प्रत्येक चुणीत त्याचा एकेक ठिपका पडतो आणि एका दिव्याचे दहा-बारा होतात. लहानपणी आम्ही भावंडं त्यात तोंडं वाकडी करून बघायचो. नाक अख्ख्या चेहऱ्याएवढं दिसायचं.

काच किती पातळ असते हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. असल्या वस्तूंचं माहेर जर्मनीतल्या थुरिंगियातलं लाउशा गाव. तिथे १५९७ पासून काचेचा धंदा, पण १८६७ मध्ये गावात गॅस आला आणि कारागिरांना कमी-जास्त करता येणारी, स्थिर, कडक ज्योत मिळाली. त्यानंतर मोठे आणि तरीही कागदासारखे पातळ फुगे फुंकता यायला लागले. आतली चकाकी सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण ओतून, हलवून आणलेली असते. म्हणून ती हाताने खरवडली जात नाही, पण दमट हवा मानेतून आत शिरली की काळे ठिपके पडायला लागतात. मानेवरची पत्र्याची टोपी, जिला दोरा अडकवतात ती, घट्ट बसलेली असणं महत्त्वाचं ते त्यासाठी. आणि असली वस्तू टोपीला धरून कधीच उचलायची नाही, कारण टोपी फक्त तारेच्या दोन पायांवर तरलेली असते. खालून तळवा लावायचा.

बाहेरचा रंग त्याहून नाजूक. जुन्या काचेवरचा रंग भट्टीत पक्का केलेला नसतो, वरून नुसता लावलेला असतो. माझ्या आत्याने एका नाताळला उत्साहाच्या भरात तो लोलक ओल्या फडक्याने पुसला, आणि एका बाजूचा गुलाबी रंग फडक्यावर उतरला. आजी काही बोलली नाही. पण त्यापुढे आत्या यायची असली की लोलकाची ती पांढरी पडलेली बाजू बरोबर पुढे यायची. आत्या हसायची, पण दरवर्षी आल्या आल्या आधी तिकडेच बघायची. आता आजी नाही आणि लोलक माझ्याकडे आहे. मी तो कसा लावते हे आत्याने अजून विचारलेलं नाही.

तर हा लोलक पेटीत ठेवायचा म्हणजे शेजारचा खण मोडावा लागतो. एक आडवी पट्टी काढली की तिच्यावर टेकलेल्या उभ्या पट्ट्या सैल होऊन एकीकडे कलतात. पट्ट्यांच्या खाचा ट्रेच्या भिंतीत कुठेच अडकत नाहीत, सगळा डोलारा एकमेकींच्या आधारावर. पेटी बनवणाऱ्यांनी ट्रेच्या कडेला चार खाचा जास्त पाडल्या असत्या तरी काम भागलं असतं. मी शेवटी त्या जागी टिश्यू पेपरचा बोळा कोंबला. टिश्यू घ्यायचाच तर आम्लरहित घ्या. साध्या वर्तमानपत्राची शाई रुपेरी आणि पांढऱ्या वस्तूंना लागते, आणि कागद पिवळा पडला की त्याचा डागही उतरतो.

खरी तक्रार झाकणाबद्दल आहे. मऊ प्लास्टिक, नव्या रेनकोटला येतो तसला वास. वास जाईल म्हणून पेटी उघडी ठेवली, गेला नाही. सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये मी प्लास्टिकची छोटी सोंगं ठेवली होती: ढोल वाजवणारा शिपाई, स्केटिंग करणारी मुलगी, लाल टोपीची खारूताई. वर्षाने उघडलं तर मुलीची टोपी झाकणाला चिकटलेली. ओढून काढली तेव्हा टोपीचा लाल रंग झाकणावर आणि टोपीवर एक चिकट, चकचकीत डाग. असलं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन मिसळतात, ते हळूहळू बाहेर येतं आणि टेकलेल्या रंगाला, दुसऱ्या प्लास्टिकला मऊ करतं. उन्हाळ्यात आणखी जोरात. स्केटिंगवाली दादाच्या पहिल्या पगारातली, त्यामुळे मी चिडून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की वापराच्या सूचना पाहाव्यात. सूचनांचा कागद पेटीबरोबरच आला होता. त्यावर पेटी उघडायची कशी याची चित्रं आहेत. बाकी काही नाही.

आता वरच्या ट्रेवर मी सुती कापडाचा तुकडा घालते. त्याने काम भागतं, पण मग पारदर्शक झाकणातून आतलं दिसावं हा मुद्दाच संपला.

दुसरी गोष्ट, कापडी पेटी म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. टोपी घट्ट बसलेल्या काचेला त्याने फारसा फरक पडत नाही, पण ताईच्या मुलाने बालवाडीत केलेली चांदणी कणीक आणि मीठ मळून, भाजून केलेली आहे. मधोमध त्याच्या अंगठ्याचा ठसा, त्यात निळा रंग. कणकेला कीड लागते आणि मीठ ओल ओढून घेतं, अशा वस्तूला कापडी खण अगदीच निरुपयोगी. ती आमच्याकडे झाकणाच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट राहते. भाचा आता दाढी राखतो. झाड सजवायला आला की चांदणी गुपचूप मागच्या फांदीवर टाकतो, ताई गुपचूप पुढे आणते. दोघांनाही वाटतं दुसऱ्याला कळत नाही.

मेणाचा देवदूतही पेटीत ठेवू नका. पेटीचा दोष म्हणून नव्हे, पण ती पोटमाळ्यावरच जाते आणि तिथे उकाडा असतो. मेण वितळायच्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि पंख खाली येतात.

पप्पांचा तारा तर पेटीच्या हिशेबातच नाही. तो जर्मन पद्धतीचा पंचवीस टोकांचा तारा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या नीस्की गावात, मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, भूमिती शिकवताना असले तारे करून घ्यायचे, तिथून ते पसरले. पप्पांना गणिताची हौस, त्यामुळे त्यांनी आम्हाला समोर बसवून एकदा सगळं मोजून दाखवलं होतं: चौकोनी बुडाची सतरा टोकं, त्रिकोणी बुडाची आठ, आणि अठरावा चौकोन दिव्याची वायर आत जायला मोकळा. जाड कागद, दुमडलेल्या कडा, खळ. एक टोक कधीतरी चेपलं तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं नवीन केलं. दिवा लावला की त्या टोकावर आतून तारखा उलट्या दिसतात, ११ आणि १८ च्या मधे कुठल्यातरी सुट्टीचा लाल आकडा. तारा अख्खा ठेवायला अर्धं कपाट लागेल, पण टोकं सोडवली की एकात एक बसतात आणि सगळा तारा हातभर लांबीच्या नळीत मावतो. ज्याने हा आकार शोधला त्याने ठेवायचीही सोय करून ठेवली आहे. या पेटीवाल्यांनी तेवढं जरी बघितलं असतं!

घोटीव कागदाच्या दोन रंगी पट्ट्या विणून केलेली हृदयं, डेन्मार्ककडे करतात तशी, ताईने कुठून तरी शिकून ढीगभर केली होती. ती सपाट होतात, लिफाफ्यात जातात. दिव्यांच्या माळाही खणांत नको. वायर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून वेगळी ठेवा, नाहीतर पट्ट्यांवर तिचं वजन पडून खालचे बॉल दबतात. चमकीच्या जुन्या झिरमिळ्या कोणाकडून मिळाल्या असतील आणि हातात जड, लोंबत्या, सहज चुरगळणाऱ्या लागत असतील, तर त्या शिशाच्या असू शकतात. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास मुलांना धोका म्हणून त्या बंद झाल्या. आमच्याकडे आजीच्या पुडक्यात तसल्या निघाल्या, त्या आता झाडावर चढत नाहीत.

एवढं बोलून पुन्हा पेटीच्या बाजूनेही बोलायला हवं. चेन चांगली आहे, अडकत नाही. पट्टे वजन घेतात. धूळ आत जात नाही. ट्रे एकेक करून बाहेर काढता येतात, त्यामुळे झाडाजवळ बसून हवा तो ट्रे शेजारी ठेवून काम होतं, सगळी उलथापालथ करावी लागत नाही. आणि साध्या बॉलसाठी खण खरंच सुरक्षित. पूर्वी चपलांच्या खोक्यात दर वर्षी एक-दोन फुटायचे. पेटीत ठेवायला लागल्यापासून एकही फुटला नाही.

आणि तो नावाचा खिसा. कंपनीला बहुधा त्यात ‘ख्रिसमस’ असं लिहिणं अपेक्षित असावं. मी चिठ्ठीवर ट्रेप्रमाणे यादी लिहिली: काय, कोणाकडून, कुठून फुटलेलं. कारण काचेला बोलता येत नाही आणि दोन पिढ्यांनी सगळे लोलक सारखेच दिसायला लागतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहिली, बॉलपेनची शाई काळाने फिकी पडते. एक साधा, पारदर्शक काचेचा, आडव्या पट्ट्यांचा बॉल आमच्याकडे आहे. त्याची टोपी पुठ्ठ्याची आहे आणि आत रुपेरी मुलामा नाही. तो गरिबाघरचा वाटतो. पण दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा अमेरिकेत नेमके असेच करत होते. कोणाच्या तरी सामानातून तो आमच्यापर्यंत आला. चिठ्ठीवर त्याच्यापुढे ‘पुठ्ठ्याची टोपी, बदलू नये’ असं लिहिलंय, कारण आमच्याकडे एकाला नीटनेटकेपणाची फार हौस आहे आणि पत्र्याच्या जादा टोप्या त्याच्या हाताशी असतात.

घेणाऱ्यांसाठी: मऊ पारदर्शक झाकणाची घेऊ नका. तशीच पेटी कापडी झाकणाचीही मिळते. खणांच्या पट्ट्या काढून बघा आणि उरलेल्या उभ्या राहतात का ते तपासा. तळचा ट्रे पुठ्ठ्याचा असेल तर मधोमध बोटाने दाबा. आमचा थोडा खचलाय, मी खाली प्लायचा तुकडा घातला. आणि तुमच्याकडे सगळे एकाच मापाचे बॉल असतील तर माझ्या तीन ताऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तुम्हाला ती पाच ताऱ्यांची वाटेल. माझ्या धाकट्या भावाला वाटते. त्याच्या झाडावर सगळं चंदेरी असतं, अगदी अडकवायचे आकडेसुद्धा.