फ्रान्समध्ये शिकताना कुठे राहावं: फ्रेंच कुटुंबात की वसतिगृहात?

तूर, विशी किंवा बझाँसोंसारख्या गावात एखादं सत्र फ्रेंच शिकायला चालला असाल, तर फ्रेंच कुटुंबातच राहा. इंग्रजीतून दोन वर्षांचं मास्टर्स करायचं असेल, तर सुरुवातीचे एक-दोन महिने कुटुंबात काढून पुढे खोली घेतलेली बरी. माझं मत इतकं ठाम असण्याचं कारण म्हणजे रात्रीचं जेवण.

फ्रेंच घरात साडेसात-आठला सगळे टेबलाशी बसतात आणि तासभर उठत नाहीत. सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, त्यानंतर चीज, शेवटी फळ किंवा दही. पाव ताटलीत न ठेवता सरळ टेबलावर ठेवतात. संप, पेन्शन, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळ्यावर चर्चा होते आणि दिवस कसा गेला हे तुम्हालाही विचारतात. वर्गात घोटलेला भूतकाळ तिथे कामाला लागतो. पहिले काही दिवस निम्मं डोक्यावरून जातं, पण हळूहळू कान तयार होतो. वसतिगृहात हे सहसा घडत नाही, कारण आपली मुलं आपल्याच मुलांत राहतात आणि संध्याकाळ हिंदी-मराठीत जाते.

आता अडचणीचं बोलू. शाकाहारी असाल तर नीट ऐका. शाकाहारी म्हटलं की मासे चालत असतील, असा अनेक घरांत समज असतो. कीश लोरेनमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, कोंते चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, विरजतात. त्यामुळे काय चालतं आणि काय नाही, ते एकेक पदार्थ सांगून आधीच कळवा. शिवाय सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण ठरलेलं असलं, तरी स्वयंपाकघर तुमचं नसतं. फोडणी, लसणाचा ठसका हे बऱ्याच घरांत चालत नाही. बाहेर जेवणार असाल तर आधी सांगावं लागतं, आणि ते रास्तच आहे, कारण कुणीतरी तुमच्यासाठी रांधत असतं.

क्रूस या सरकारी यंत्रणेची वसतिगृहं स्वस्त. खोली बहुधा 9 चौरस मीटरची, स्वयंपाकघर सामाईक. पण शिष्यवृत्तीधारकांना प्राधान्य असल्याने स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांना तिथे जागा मिळणं कठीण. खाजगी घरमालक भाड्याच्या तिप्पट उत्पन्नाचा जामीनदार मागतात. तो परदेशी मुलाने आणायचा कुठून? तिशीच्या आतल्यांसाठी वीझाल नावाची मोफत हमी आहे, तिचा अर्ज निघण्यापूर्वीच करून ठेवा. कुटुंबात राहायचं असेल तर बहुतेकदा भाषा-संस्थाच घर जुळवून देते आणि हा सगळा खटाटोप वाचतो.

खर्चात कुटुंब महागच दिसतं. पण त्यात दोन वेळचं खाणं, वीज, पाणी, इंटरनेट धरलेलं असतं. खोलीच्या भाड्यात ते मिळवून मग तुलना करा.

एक मधला मार्गही आहे. 2018च्या कायद्याने साठीपुढच्या माणसांना तिशीच्या आतल्या तरुणांना कमी भाड्यात घरातली खोली देता येते. बदल्यात थोडी सोबत, किरकोळ मदत. आजी-आजोबांच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलांना हे मानवतं.

होकार देण्याआधी कुटुंबाला एवढं तरी विचारा: रविवारी मला स्वयंपाक करता येईल का, कपडे आठवड्यातून किती वेळा धुता येतील, घरात दुसरे परदेशी विद्यार्थी आहेत का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो, दोन-तीन आहेत’ असं आलं, तर दुसरं घर मागा.