"जंत पडतायत म्हणजे औषध लागू पडतंय"

मांजराच्या मानेवर लावायचं पिसवांचं औषध ऑनलाइन मागवत असाल तर मला कसं गंडवलं ते आधी वाचा. विक्रेत्याची युक्ती अगदी साधी होती, म्हणूनच ती अजून कित्येकांवर चालत असणार.

जाहिरातीत लिहिलं होतं, "एकच ट्यूब, पिसवा, गोचीड, सगळे जंत साफ." आमच्या मनीच्या अंगावर पिसवा होत्याच, शिवाय शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसायचे. ताजे असतील तर ते चक्क वळवळतात, वाळले की पिवळट आणि कडक होतात. हे फीतकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे, अंड्यांनी भरलेले तुकडे. ट्यूब लावली तरी तुकडे पडतच राहिले. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "जंत पडतायत म्हणजे औषध लागू पडतंय. पोट साफ होतंय. अजून एक पॅक घेऊन कोर्स पूर्ण करा."

खरी गोम इथेच आहे. फीतकृमीवर चालणारं औषध म्हणजे प्राझिक्वांटेल. त्याने कृमी आतड्यातच मरतो आणि बहुतेक वेळा तिथेच पचून जातो, शीमध्ये काही दिसत नाही. ताजे तुकडे पडत राहतात ते कृमी आत धडधाकट असतो म्हणून. म्हणजे औषध कुचकामी असल्याचा पुरावाच हा माणूस गुण आल्याची खूण म्हणून दाखवत होता, वर त्याच्याच जोरावर दुसरा पॅक खपवत होता. माल जितका निकामी तितकी विक्री जास्त. काय डोकं आहे!

डॉक्टरांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. खोक्यावरचा बॅच नंबर एक, ट्यूबवरचा दुसरा. एक्सपायरीची तारीख स्टिकरवर होती. त्यांनी नखाने स्टिकर सोलला तर खाली काहीच छापलेलं नव्हतं. कोणतं औषध किती टक्के, हे लिहायच्या जागी नुसतं 'अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युला'. किती वजनाच्या मांजरासाठी, त्याचा पत्ता नाही. आत माहितीपत्रकही नव्हतं. "यात नुसतं पाणी असेल तर नशीब समजा," ते म्हणाले. कुत्र्यांच्या काही ट्यूबमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. बनावट ट्यूबमध्ये ते असलं तरी तुम्हाला कळणार कसं?

अस्सल ट्यूब घेतानाही 'जंत' या शब्दावर विसंबू नका. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड पिसवा मारतात, फीतकृमीला काही करत नाहीत. सेलामेक्टिनने गोलकृमी जातात, फीतकृमी नाही. त्यासाठी घटकांत प्राझिक्वांटेल हवंच. ते गोळीत मिळतं आणि मांजरांच्या काही मानेवरच्या औषधांतही असतं.

तक्रार वाढवल्यावर विक्रेत्याने पवित्रा बदलला, "तुमच्या घरातच पिसवा आहेत, त्याला आम्ही काय करणार?" ही थाप पटते, कारण ती अर्धी खरी आहे. कृमीची अंडी पिसूच्या अळ्या खातात, त्या अळ्यांच्या पिसवा होतात, अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि साधारण तीन आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसू लागतात. प्राझिक्वांटेल आज असलेला कृमी मारतं, उद्याचा रोखत नाही. त्यामुळे रोखायची ती पिसूच. घरातल्या सगळ्या मांजरा-कुत्र्यांना आपापलं पिसवांचं औषध वेळच्या वेळी, अंथरुणं गरम पाण्यात, फटी-कोपऱ्यांत व्हॅक्यूम. कोशातली पिसू काही महिनेही टिकून राहते. पण आमच्याकडे तुकडे पडायचे कधी थांबलेच नव्हते, मग 'परत' येण्याचा प्रश्न कुठला?

दोन्ही बॅच नंबरांचे फोटो टाकून तक्रार केली तेव्हा कुठे पैसे मिळाले. ते दुकान गायब झालं, पण तोच फोटो आता दुसऱ्या नावाखाली झळकतोय.

अशी ट्यूब लावून झाली असेल आणि मांजर थरथरू लागलं, लाळ गाळू लागलं किंवा झोकांड्या देऊ लागलं, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना लगेच फोन लावा, ते सांगतील तसं औषध धुऊन काढा आणि निघताना रिकामी ट्यूब व खोकं सोबत घ्या.