मोठ्या पोकर स्पर्धेआधीचा सराव: कॅश टेबल की छोटी टूर्नामेंट?

कॅश टेबलावर, म्हणजे थेट पैशांच्या खेळात, ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा) ठरलेले असतात आणि चिप्स संपल्या तर पुन्हा घेता येतात. पुढ्यात साधारण १०० बिग ब्लाइंड (मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट चिप्स) असल्याने टर्नला, म्हणजे टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावर, थांबायचं की रेटायचं, हे इथेच अंगवळणी पडतं.

छोट्या टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड चढत जातात. १२ बिग ब्लाइंड उरलेत, हातात एक्का-नव्वी, आणि बक्षिसात यायला अजून दोघे बाहेर पडायला हवेत: हा पेच कॅश टेबलावर कधीच येत नाही. तिथे चिप म्हणजे रोख पैसा. इथे मात्र गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग पडते, आणि ते हिशेबाने कळलं तरी अंगात मुरायला वेळ लागतो.

वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला ६०,००० चिप्स आणि दोन-दोन तासांच्या लेव्हल (ब्लाइंड चढण्याआधीचे टप्पे) मिळतात, म्हणजे पुढ्यात बराच वेळ भरपूर चिप्स असतात. तिथे जाणाऱ्याने कॅश टेबल सोडू नये. बाकी स्पर्धांसाठी मी छोटी टूर्नामेंटच निवडेन.