सीडीसारखी दिसणारी, पण सीडी नसलेली तबकडी

गेल्या महिन्यात पुण्याच्या घरातील माळा आवरताना २००३ साली जर्मनीत विकत घेतलेली पियानोवादनाची एक तबकडी हाती लागली आणि तिने त्या काळी दिलेला मनस्ताप नव्याने आठवला. कंपनीचे नाव लिहीत नाही. युरोपात त्या सुमारास अनेक मोठ्या संगीत कंपन्यांनी संगणकावर नक्कल होऊ नये म्हणून तबकड्यांत अडथळे घालण्याचा हाच उद्योग केला होता, त्यामुळे एकीलाच वेगळे काढण्यात अर्थ नाही. अशा कॉपी-संरक्षित तबकड्या जुन्या बाजारात अजूनही सापडतात, म्हणून वीस वर्षे उशिरा का होईना, हे परीक्षण लिहीत आहे.

वादनाबद्दल तक्रार नाही. घरच्या जुन्या सीडी प्लेअरवर तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरेख वाजली आणि आजही वाजते. अडचण सुरू झाली ती मोटारीत. तिथल्या प्लेअरने तबकडी आत घेतली, अर्धा मिनिट घरघर केली आणि बाहेर ढकलली. मी पुसून पुन्हा घातली, त्याने पुन्हा ढकलली. लॅपटॉपमध्ये घातली, तर मूळ गाण्यांऐवजी कंपनीचा स्वतःचा छोटा प्लेअर पडद्यावर अवतरला आणि त्यातून बराच दाबलेला, पियानोच्या सुरांची धार बोथट करणारा आवाज ऐकू येऊ लागला. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या तबकडीवरचे खरे ध्वनिमुद्रण माझ्याच संगणकावर मला ऐकता येत नव्हते. दुकानात परत नेली, तेव्हा विक्रेत्याने ती तिथल्या प्लेअरवर लावली, ती वाजली आणि विषय संपला.

हे का घडत होते, ते पुढे वाचनातून उलगडले. सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवले. त्यात सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि सोबत चुका दुरुस्त करणारी एक विलक्षण हुशार व्यवस्था आहे, जिच्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर वाचता आला नाही तरी संगीत अखंड ऐकू येते. साधा प्लेअर तबकडीवरचे पहिले सत्र (म्हणजे एका टप्प्यात लिहिलेला माहितीचा भाग) वाचतो आणि वाजवू लागतो, संगणकाचा ड्राइव्ह मात्र सर्व सत्रे तपासतो. या फरकाचा फायदा घेऊन संरक्षणवाल्यांनी दुसऱ्या सत्रात फसवी अनुक्रमणिका ठेवली आणि काही प्रकारांत तर संगीताच्या माहितीतच जाणूनबुजून चुका पेरल्या. मोटारीतले अनेक प्लेअर आतून संगणकाचेच ड्राइव्ह वापरत असल्याने तेही या सापळ्यात अडकले. मला सर्वांत जास्त खटकते ती पेरलेल्या चुकांची गोष्ट, कारण दुरुस्तीची जी ताकद उद्याच्या ओरखड्यासाठी राखून ठेवायची, ती कंपनीने कारखान्यातच खर्ची घातली. म्हणजे माल नवा असतानाच थोडा झिजवून विकला.

फिलिप्सने तर तेव्हाच स्पष्ट केले होते की, अशा तबकड्या मानकात बसत नाहीत आणि त्यांवर सीडीचे बोधचिन्ह छापता येणार नाही. माझ्या डबीवर ते चिन्ह नाही, हे माझ्या लक्षात यायला वीस वर्षे लागली. ही उणीव डोळ्यांसमोरच होती, पण सीडीवर सीडीचे चिन्ह आहे की नाही, हे कोण पाहत बसतो?

एवढे करून चोरी थांबली असती तरी एक वेळ समजून घेता आले असते. २००२ साली गायिका सेलिन डिऑनच्या अल्बमची युरोपातील आवृत्ती ॲपलच्या काही आयमॅक संगणकांत अडकून बसू लागली, आणि त्याच वर्षी असेही उघड झाले की, तबकडीच्या कडेवर साध्या मार्करने रेघ ओढली की एका प्रकारचे संरक्षण गळून पडते. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दुसऱ्या एका प्रकाराबाबत दाखवून दिले की, तबकडी घालताना शिफ्टचे बटण दाबून धरणे पुरेसे आहे, कारण मग संरक्षणाचा प्रोग्राम आपोआप सुरूच होत नाही. संबंधित कंपनीने आधी खटल्याची धमकी दिली आणि मग ती मागे घेतली.

२००५ चे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सोनी बीएमजीच्या ५२ अल्बममधील संरक्षण विंडोज संगणकात शिरून स्वतःला इतक्या खोलवर दडवत असे की, त्याच आडोशाला विषाणूही लपू लागले. ऑक्टोबरअखेरीस संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी हे जाहीर केले, नंतर कंपनीने दिलेल्या काढून टाकण्याच्या सोयीनेच संगणकाला नवे भगदाड पाडले, आणि अखेर नोव्हेंबरमध्ये माल परत मागवावा लागला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २००७ च्या जानेवारीत झालेल्या तडजोडीत बिघडलेल्या संगणकामागे १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. ज्याने गाणी फुकट उतरवून घेतली त्याच्या संगणकाला काहीच झाले नाही. ज्याने पावती घेऊन तबकडी आणली, त्याचाच संगणक बाधित झाला.

माझ्या तबकडीवर शिफ्टचा उपाय अर्धाच चालला: कंपनीचा प्लेअर उघडला नाही, पण उतरवलेल्या फाइलमध्ये दर काही सेकंदांनी टिकटिक येत राहिली. शेवटी घरच्या प्लेअरमागच्या दोन खोबण्यांना साधी केबल लावून संगीत संगणकात मुद्रित केले आणि एकेक रचना हाताने कापून वेगळी केली. एक संध्याकाळ गेली, पण काम निर्दोष झाले. या कामी कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही, कारण ज्या वाटेने आवाज स्पीकरकडे जातो, ती वाट बंद करणे कोणालाच शक्य नव्हते.

वादनाला पाचपैकी साडेचार गुण, तबकडीला शून्य. जुन्या बाजारात २००१ ते २००६ दरम्यानची परदेशी तबकडी घेणार असाल, तर आधी डबीवर आणि तबकडीवर सीडीचे बोधचिन्ह शोधावे, ‘कॉपी कंट्रोल्ड’ अशा अर्थाची बारीक सूचना मागच्या बाजूस आहे का ते वाचावे, आणि दुकानदाराने ती साध्या प्लेअरवर लावून दाखवली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. शक्य असेल तर आपला लॅपटॉप सोबत न्यावा, आणि त्यात ती घालताना शिफ्ट दाबून धरायला विसरू नये.