टेंडरच्या एडिटेबल फाइल्स मागणाऱ्या कन्सल्टंटपासून सांभाळा, माझ्यासोबत झालेला प्रकार

सरकारी बांधकामाची स्पेसिफिकेशन्स, बीओक्यू (म्हणजे कुठलं काम किती मापाचं त्याची यादी, जिच्यात कॉन्ट्रॅक्टर दर भरतो), टेंडर डॉक्युमेंट हे सगळं बाहेरून तयार करून देणारे जे लोक आहेत, म्हणजे माझ्यासारखे फ्रीलान्स किंवा छोट्या ऑफिसवाले, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबेल जरा, पण वाचा. नुसती फी बुडाली असती तर मी लिहायलाही बसले नसते, फी या धंद्यात कधी ना कधी सगळ्यांचीच बुडते. पण इथे माझ्याच कागदात बदल करून एका ठरलेल्या कॉन्ट्रॅक्टरची सोय केली आणि बोंब झाल्यावर बोट माझ्याकडे दाखवलं. प्रकरण वकिलाकडे आहे म्हणून कुणाचं नाव घेत नाहीये, कमेंटमध्ये विचारू पण नका.

तर काम असं होतं. बेसमेंट असलेली एक मोठी सरकारी इमारत, डिपार्टमेंटने एका कन्सल्टन्सीला नेमलेलं आणि त्या कन्सल्टन्सीने स्पेक्स, क्वांटिटी आणि स्पेशल कंडिशन्सचा (त्या कामापुरत्या खास अटींचा) भाग मला सब-कन्सल्टंट म्हणून दिला. बोलणारा माणूस एकदम गोड, मॅडम मॅडम करून बोलायचा. "मॅडम, तुम्ही फक्त टेक्निकल बघा, डिपार्टमेंटचं आम्ही बघून घेतो." थोडा अॅडव्हान्स आला, वेळेवर आला, आणि बाकीची रक्कम "डिपार्टमेंटच्या अप्रूव्हलनंतर" असं करारात लिहिलेलं. हे वाक्य बहुतेक सगळ्यांच्या करारात असतं त्यामुळे डोळ्यांना सवय झालेली असते, पण अप्रूव्हल म्हणजे नेमका कुठला कागद हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. पुढे टेंडर पोर्टलवर पब्लिश झालं तरी हे लोक म्हणत होते की अप्रूव्हलचं पत्र आमच्या हातात आलेलं नाही. अरे, अप्रूव्हल नसताना टेंडर निघालं कसं?

मी काम व्यवस्थित करून दिलं. स्पेक्सचा प्रत्येक सेक्शन नेहमीच्या तीन भागांत, जनरल, प्रॉडक्ट्स आणि एक्झिक्युशन. क्वांटिटीची एक्सेल शीट ड्रॉइंगच्या रिव्हिजन नंबरसकट, खोदाईचं गणित बोअर लॉगवरून (जमिनीत भोकं पाडून कुठल्या खोलीला काय लागलं त्याच्या नोंदींवरून) खडकाची पातळी काढून सेक्शनप्रमाणे मांडलेलं. पीडीएफ करून मेलने पाठवलं. मग सुरू झालं, मॅडम वर्ड फाइल द्या, डिपार्टमेंटचा फॉन्ट वेगळाय, हेडरमध्ये त्यांचा लोगो टाकायचाय, एक्सेल पण फॉर्म्युल्यासकट द्या म्हणजे रेट टाकता येतील. मागणी तशी चुकीची नाही, खरंच लागतं हे, आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही. फाइल्स गेल्या आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. मेसेज वाचला जायचा, उत्तर नाही.

मग एक दिवस टेंडर निघालेलं दिसलं म्हणून डाउनलोड केलं. माझंच डॉक्युमेंट. क्रम माझा, वाक्यं माझी, टेबलं माझी. आधी वाटलं चला निदान निघालं तरी, आता पैसे मागता येतील. नंतर सवयीने माझी पीडीएफ शेजारी उघडून वाचायला लागले आणि वॉटरप्रूफिंगच्या सेक्शनला आल्यावर थांबले.

मी बिट्युमिनस मेंब्रेनची (पाणी अडवणाऱ्या डांबरी थराची) जाडी "किमान ४ मिमी" लिहिली होती. पब्लिश झालेल्यात "४.२ ते ४.३ मिमी". मी टेन्साइल स्ट्रेंग्थ (ताण सोसायची ताकद), थंडीतली लवचिकता वगैरेचे किमान आकडे टेस्ट मेथडसकट दिले होते, ईएन १२३११-१, ईएन ११०९ अशा युरोपियन स्टँडर्डच्या, तिथे आता दशांशात दोन घरांपर्यंत नेमके आकडे, आणि ते एका कंपनीच्या डेटाशीटमधून उचलून चिकटवल्यासारखे, सर्च केलं तर तीच एक डेटाशीट पुढे येते. "किंवा समतुल्य" हे शब्द गायब. वर मॅन्युफॅक्चररकडे अमुकच लॅबचं सर्टिफिकेट हवं ही नवी अट. एका माणसाच्या मापाचा शर्ट शिवायचा आणि दुकानाबाहेर पाटी लावायची की ज्याला बसेल त्याने घ्यावा, तसला प्रकार.

आता गंमत बघा, ब्रँडचं नाव कुठेही नाही. कारण नाव लिहिणं सगळीकडेच अडचणीचं असतं. डब्ल्यूटीओच्या गव्हर्नमेंट प्रोक्युरमेंट अॅग्रीमेंटचं कलम १० बघा, नाहीतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्सिट्रालचा २०११ चा मॉडेल कायदा बघा, दोन्हीकडे एकच गोष्ट आहे, की ट्रेडमार्क, पेटंट किंवा ठरावीक उत्पादक मागायचा नाही, दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने नेमकं वर्णन करता येत नसेल तरच मागायचा आणि तेव्हा "किंवा समतुल्य" लिहायचं. म्हणून ज्यांना घोळ करायचाय ते नाव न लिहिता आकड्यांमधून नाव लिहितात. स्पेक्स वाचताना "किमान" किंवा "कमाल" च्या जागी अरुंद रेंज दिसली, किंवा गरज नसताना दशांशाची दोन घरं दिसली, की मी आता तिथेच पेन टेकवते. छताला मेंब्रेन ४.२ ची लावली काय आणि ४.६ ची लावली काय, जास्त जाडीने कुणाचं काय बिघडणार होतं? वरची मर्यादा कशाला?

कंपन्यांचे प्रतिनिधी "मॅडम, स्पेक आम्हीच फुकट लिहून देतो, तुमचा वेळ वाचेल" म्हणून येतात तेव्हाही हेच चालू असतं, फक्त तेव्हा समोरून आणि हसतमुखाने. घ्यायची तर घ्या, पण निदान तीन मेकच्या डेटाशीट शेजारी ठेवून आकडे सैल करा.

पण मेंब्रेन हा किरकोळ भाग होता. खरा खेळ खोदाईत होता आणि तो बीओक्यू नुसता चाळणाऱ्याला दिसत पण नाही. आकडे खरे देत नाही, समजावं म्हणून सोपे घेते, चलन कुठलंही धरा. समजा माझ्या शीटमध्ये मऊ मातीची खोदाई ४,००० घनमीटर आणि कठीण खडकाची १,००० होती. पब्लिश झालेल्यात मऊ ४,९०० आणि खडक १००. बेरीज तीच, ५,०००! त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच खटकत नाही. आता प्रामाणिक बिडर मातीला १० आणि खडकाला ४० रेट भरतो, त्याचे होतात ५३,०००. ज्याला आतून माहितीये की खडक प्रत्यक्षात भरपूर निघणार, तो मातीला ८ भरतो आणि खडकाला १२०, त्याचे होतात ५१,२००. म्हणजे एल वन, सगळ्यात कमी बोलीवाला, तोच. साइटवर खोदायला घेतलं की खडक निघतो १,०००, कारण जमिनीने काही एक्सेल वाचलेली नसते, आणि आयटम रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक आयटमला वेगळा दर भरलेला असतो तिथे, पेमेंट प्रत्यक्ष मोजमापावर होतं. प्रामाणिकाला त्याच खोदाईचे ८०,००० द्यावे लागले असते, याला १,५२,०००. जवळजवळ दुप्पट, आणि कागदावर सगळं स्वच्छ, लोएस्ट बिडरलाच काम दिलेलं.

याला अनबॅलन्स्ड बिड म्हणतात, सिव्हिलवाल्यांना नवीन नाही. त्याच्यावर उपाय पण जुनाच आहे, क्वांटिटी एका मर्यादेबाहेर वाढली की त्या आयटमचा रेट परत ठरवायचा. फिडिक ही कन्सल्टिंग इंजिनिअर्सची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, कलम १२.३ मध्ये ही सोय आहे, क्वांटिटी १० टक्क्यांच्या वर बदलली आणि सोबतच्या बाकीच्या अटीही पूर्ण झाल्या तर नवीन रेट. मी स्पेशल कंडिशन्समध्ये तसाच क्लॉज टाकला होता, की मर्यादेबाहेरची क्वांटिटी भरलेल्या रेटने देणार नाही, रेट अॅनालिसिस करून देणार. तो क्लॉज अख्खा उडवलेला! आणि स्पेशल कंडिशन्स साधारणपणे जनरल कंडिशन्सच्या (नेहमीच्या छापील अटींच्या) वर चालतात, त्यामुळे तिथे एक ओळ घातली की "भरलेले दर क्वांटिटी कितीही बदलली तरी कायम राहतील" की विषय संपला. ती ओळ घातलेली होती.

म्हणजे खडक कमी दाखवणं आणि क्लॉज उडवणं ही जोडी आहे, एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. फॉन्ट बदलताना चुकून झालं असं कोणी म्हणूच शकत नाही. फक्त एका ठिकाणी त्यांची घाई नडली. क्लॉज काढून पुढचे नंबर नीट लावून घेतले पण पेमेंटच्या भागात "वर सांगितलेल्या क्वांटिटी व्हेरिएशनच्या क्लॉजप्रमाणे" असं माझं एक वाक्य होतं ते तसंच राहिलं, आणि तसा क्लॉज आता डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही.

प्री-बिड क्वेरीमध्ये, म्हणजे बोली भरायच्या आधी बिडर लेखी शंका विचारतात त्यात, दुसऱ्या एका बिडरने नेमकं तेच पकडलं. हा कुठला क्लॉज म्हणता तुम्ही? आणि मेंब्रेन एकाच मेकची बसते त्याचं काय? डिपार्टमेंटने कन्सल्टन्सीला विचारलं आणि त्यांनी सरळ लेखी कळवलं की डॉक्युमेंट आमच्या सब-कन्सल्टंटने तयार केलेलं आहे, आम्ही फक्त पुढे पाठवलं. पुरावा काय, तर पीडीएफच्या प्रॉपर्टीज उघडा, ऑथर म्हणून माझं नाव. वर्ड फाइल माझ्या कॉम्प्युटरवर तयार झालेली, त्यांनी त्यात बदल करून परत पीडीएफ केली तरी ऑथरचं नाव आपोआप माझंच राहिलं. फी द्यायच्या वेळी मी कोण हे माहीत नव्हतं, आणि इथे बरोबर आठवलं.

डिपार्टमेंटच्या इंजिनिअरांचा मेल आला, हे तुम्ही तयार केलंय का आणि खडकाची क्वांटिटी कशावरून काढलीत. मी मेलच्या सेंट फोल्डरमधून मूळ पीडीएफ तारखेसकट पुढे पाठवली, सोबत बोअर लॉगवरून केलेलं अख्खं गणित. ज्याच्याकडे हे गणित असतं त्याच्यावर क्वांटिटी ढकलता येत नाही, कारण बेरजेचा एक आकडा कोणीही बदलेल पण त्याच्या मागची सेक्शनवार शीट बदलायला बसावं लागतं, आणि हे लोक तेवढे कष्ट घेत नाहीत. इंजिनिअर माणूस समजदार होता, त्याने बोअर लॉग स्वतः उघडून बघितले. कॉरिजेंडम (टेंडरचं दुरुस्तीपत्रक) निघालं, खडकाची क्वांटिटी दुरुस्त, व्हेरिएशनचा क्लॉज परत, मेंब्रेनचे आकडे परत किमानवर, बिड भरायची तारीख पुढे.

आता यावर कन्सल्टन्सीने काय केलं असेल? मला पत्र, की तुम्ही क्लायंटशी थेट संपर्क केलात, कराराच्या अमुक कलमाचा भंग झाला, त्यामुळे उरलेली फी जप्त. कलम खरंच करारात होतं, सब-कन्सल्टंटने क्लायंटशी परस्पर बोलायचं नाही, हेतू हा की मधल्याचं काम पळवू नये. ते इथे असं वापरतील हे डोक्यातही येत नाही. म्हणजे आरोपाला उत्तर दिलं तर फी गेली आणि नाही दिलं तर नाव गेलं. वकील म्हणतो टिकणार नाही त्यांचं म्हणणं, बघू. कन्सल्टन्सी त्या कामावर अजून आहेच, हे पण सांगून ठेवते.

आता मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला. एडिटेबल फाइल देतेच, न देऊन चालत नाही, पण पैसे पूर्ण आल्यावर, आणि त्याच मेलमध्ये त्याच फाइलची पीडीएफ जोडून, खाली एक ओळ की या पीडीएफव्यतिरिक्त कुठल्याही मजकुराची जबाबदारी माझी नाही. फाइल पाठवायच्या आधी प्रॉपर्टीजमधलं नाव काढते, नाव फक्त पीडीएफच्या पहिल्या पानावर, रिव्हिजन नंबरच्या शेजारी. क्वांटिटीच्या शीटची प्रिंट वेगळी सही करून ठेवते. पेमेंटच्या अटीत "अप्रूव्हल" शब्द आला की लिहून घेते, पब्लिश झालं म्हणजे अप्रूव्ह झालं असं धरायचं, किंवा ड्राफ्ट दिल्यापासून ठरावीक मुदतीत आक्षेप आला नाही तर. टेंडर निघालं की डाउनलोड करून माझ्या कॉपीशी कंपेअर मारते, वर्डमध्ये ती सोय आहे, पीडीएफसाठी पण टूल्स मिळतात, चहा होईपर्यंत होतं. आणि काही बदललेलं दिसलं तर प्री-बिडची तारीख जायच्या आत लेखी कळवते, नंतर कळवलं तर लोक विचारतात इतके दिवस काय करत होतात.

आणि करारात आता माझी एक अट असते, की टेंडर काढणाऱ्या खात्याने लेखी विचारलं तर मी केलेल्या कामाबद्दल त्यांना उत्तर देणं हा कराराचा भंग धरला जाणार नाही. साधी अट आहे, सरळ माणसाला काही फरक पडत नाही. मागे एका नवीन पार्टीने सगळं मान्य केलं, फी, मुदत, अॅडव्हान्स, फक्त ही एक ओळ काढा म्हणाले. मी काम सोडलं.