बिनब्लेडचं लॅसिक: नंबर कसा जातो आणि कुठे अडतं

लॅसिक म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया. 'ब्लेड नाही' हे शब्द वाचून अनेकांना वाटतं की तीत डोळ्याला काप जातच नाही. काप जातो. धातूच्या पात्याऐवजी तो फेम्टोसेकंद लेसर घेतो, एवढाच फरक. हा फरक चांगला आहे आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण निकाल चांगला लागणार की नाही, हे बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधीच, तपासणीच्या खुर्चीत ठरलेलं असतं.

डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात तेच एकक). त्यातली ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. म्हणून त्याची गोलाई जराशी बदलली तरी नंबर हलतो. मायनस नंबरात प्रतिमा रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडे पडते, तेव्हा कॉर्नियाचा मधला भाग सपाट करतात. प्लस नंबरात कडेने वर्तुळाकार झीज करून मधला भाग उठावदार करतात. सिलिंड्रिकल नंबरात गोलाई एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असते, ती सारखी करतात. यात सगळ्यात भरवशाचा निकाल मायनसचा. प्लस नंबर, विशेषतः मोठा असेल तर, काही वर्षांत थोडा परत येऊ शकतो.

काम दोन लेसर मिळून करतात. पहिला फेम्टोसेकंद. त्याचे अतिसूक्ष्म स्पंद कॉर्नियाच्या आत ठरलेल्या खोलीवर वायूचे बारीक बुडबुडे तयार करतात. हजारो बुडबुडे एकमेकांना भिडले की त्या पातळीवर थर सुटा होतो आणि ९० ते १२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पापुद्रा तयार होतो. (इतके छोटे आणि तीव्र स्पंद तयार करण्याच्या पद्धतीसाठी जेरार मुरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) दुसरा एक्सायमर, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. हा आजूबाजूला उष्णता फारशी न पसरवता पापुद्र्याखालचा थर मायक्रॉनच्या हिशेबात उडवतो. नंबर प्रत्यक्षात घालवतो तो हाच.

टेबलावरचा क्रम असा. बधिर करणारे थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, मग डोळ्यावर बसणारी सक्शन रिंग. तिचा दाब जाणवतो, वीस-तीस सेकंद नजर धूसर किंवा काळोखी होते. घाबरून डोळा हलवला तर सक्शन सुटू शकतं, म्हणून हा भाग आधी नीट समजावून सांगणं फार गरजेचं आहे. मग सर्जन बोथट अवजाराने पापुद्रा उचलून बाजूला दुमडतो. एक्सायमर नंबराप्रमाणे काही सेकंद ते मिनिटभर चालतो. जळकट वास येतो. तो उडालेल्या ऊतीचा असतो, डोळा भाजल्याचा नव्हे. शेवटी पापुद्रा परत बसवून खालची जागा धुतात, सुरकुत्या काढतात आणि तो चिकटेपर्यंत थांबतात. टाका लागत नाही.

पात्याच्या तुलनेत फायदा नेमका कुठे? पापुद्र्याची जाडी आखल्याप्रमाणे येते, मध्यभागी आणि कडेला जवळपास सारखी राहते. पात्याने अर्धवट कापला जाणं किंवा मधोमध भोक पडणं हे धोके खूप कमी होतात. कडही उभी कापता येते, त्यामुळे पापुद्रा खाचेत बसतो. मात्र अंतिम नजर दोन्ही पद्धतींत बरीचशी सारखीच येते. शिवाय लेसरचे स्वतःचे त्रास आहेत: बुडबुड्यांचा पांढुरका थर पसरून डोळ्याचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेला अडथळा होतो, थोडं थांबावं लागतं. काहींना काही आठवड्यांनी नजर उत्तम असूनही उजेड सहन होत नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी तो त्रास ओसरतो.

आता तपासणीच्या खुर्चीतला हिशेब. ६.५ मिलिमीटरच्या क्षेत्रात एका डायॉप्टरला साधारण १४ मायक्रॉन थर जातो. कॉर्निया ५४० मायक्रॉन, नंबर उणे ६: झीज ८४, पापुद्रा ११०, मिळून १९४. खाली ३४६ उरले, एकूण जाडीतला वापर ३६ टक्के. हा डोळा सुरक्षित गटात. दुसरा कॉर्निया ४९०, नंबर उणे ९: १२६ अधिक ११०, म्हणजे २३६. खाली २५४ उरतात. किमान २५० ही जुनी मर्यादा कागदावर पाळली गेली, पण वापर ४८ टक्क्यांवर गेला, आणि ४० टक्क्यांच्या वर धोका वाढतो. असा कॉर्निया पुढे फुगू शकतो, नंबर वेडावाकडा वाढतो. तिथे लॅसिकला नकार देणारा डॉक्टर योग्यच करतो.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा कॉर्नियाचा नकाशा. सुरुवातीचा केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) नजरेच्या तक्त्यावर सापडत नाही, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाच्या नकाशात दिसतो. कॉन्टॅक्ट लेन्स दाबून आकार बदलते, म्हणून मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि सेमी-हार्ड तीन-चार आठवडे आधी बंद हवी. आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालून काढलेला नकाशा विश्वासाचा नाही. नंबर वर्षभर स्थिर हवा. अठरा हे किमान वय मानतात, पण एकविशीनंतर भरवसा जास्त. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबावं.

नंतरचा सगळ्यात सर्वसामान्य त्रास कोरडेपणा. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात, त्या भरून यायला महिने लागतात. प्रिझर्व्हेटिव्हविरहित अश्रूथेंब त्यासाठीच. आधीच कोरडे डोळे असतील तर पापुद्राच नसलेली पीआरके किंवा छोट्या छेदातून थर काढणारी स्माइल यांचा विचार करावा. पीआरकेत पहिले तीन-चार दिवस दुखतं आणि नजर हळू येते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं सुरुवातीला नेहमीचं. पहिल्या दिवशी काही तास चुरचुर होते, झोप काढावी. आठवडाभर डोळ्यांत पाणी नको, झोपताना कवच हवं आणि डोळा चोळणं पूर्ण बंद, कारण पापुद्रा सरकू शकतो. दुखणं वाढलं किंवा नजर अचानक कमी झाली, तर ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये.

चाळिशी यातून जात नाही. ती डोळ्याच्या आतल्या लेन्सची बाब आहे. उलट चष्मा काढून आरामात वाचणाऱ्या मायनसवाल्याला शस्त्रक्रियेनंतर वाचायला चष्मा लागू शकतो. मायनसचा लांब डोळाही लांबच राहतो, म्हणून रेटिनाची तपासणी चालू ठेवावी. पातळ झालेल्या कॉर्नियावर मोजलेला डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीत लॅसिक झाल्याचं सांगावं. आधीचे नंबर, नकाशे आणि जाडीची नोंद यांची प्रत घरी जपून ठेवावी: पुढे मोतीबिंदू झाला की बसवायच्या लेन्सची ताकद काढताना हेच आकडे कामी येतात.