वॉटरमार्क बघायचा काळा ट्रे: घेतला, वापरला, एकदा फजितीही झाली

आजोबांचा अल्बम माळ्यावरून खाली आला तेव्हापासून मलाही पोस्टाच्या जुन्या तिकिटांचं वेड लागलंय, जुन्या बाजारात बुधवार-रविवार चक्कर ठरलेली. तर ऑनलाइन हा छोटा काळा ट्रे मागवला, साडेतीनशेला पडला. वापर सोपा आहे, तिकीट पालथं ठेवायचं, वर लायटर फ्लुइडचे दोन-चार थेंब, मग कागद जिथे पातळ आहे तिथला वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, काळा उठून दिसतो, सुकलं की गायब. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब बसा, आईने मला त्यावरून जाम झापलंय.

पहिल्यांदा व्हिक्टोरिया राणीचं निळं अर्ध्या आण्याचं तिकीट टाकलं आणि हत्तीचं डोकं दिसलं, खरंच अंगावर काटा आला! १८६५ पासून हा हत्ती येतो, त्याच्याआधी तशाच दिसणाऱ्या तिकिटावर वॉटरमार्कच नसायचा, आणि १८८२ नंतर हत्तीच्या जागी तारा येतो. म्हणजे नुसतं डोळ्यांनी सारखं दिसणारं तिकीट ट्रेमध्ये वेगळं निघू शकतं. इथे ट्रेला पैकीच्या पैकी.

आता फजिती. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून १९४८ चं दहा रुपयांचं गांधीजींचं तिकीट घेतलं होतं, तेही बुडवलं, काहीच दिसेना. नकली म्हणून मी कपाळाला हात लावला तर आमच्या सोसायटीतले काका हसायलाच लागले, "अरे बाबा, ते स्वित्झर्लंडला छापलेलं, अस्सल तिकिटावरही वॉटरमार्क नसतोच! आणि फोटोग्राव्हूरची, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापलेली तिकिटं असल्या फ्लुइडात घालत नाहीत, रंग सुटू शकतो." मग काकांनी भिंग काढलं तर छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी, आजच्या ऑफसेटसारखी, आणि परफोरेशन, म्हणजे कडेच्या भोकांची दाटी मोजली तर अस्सल तिकिटाच्या साडेअकराला जुळेना. म्हणजे तिकीट नकलीच होतं, पण मी धरलेलं कारण साफ चुकीचं. स्टॉलवाल्याला फोन केला तर उचलत नाही.

ट्रेची तक्रार एकच, कडा इतकी बुटकी की फ्लुइड लगेच बाहेर सांडतं, चिमटा पण सोबत देत नाहीत. काही नकली तिकिटांवर वॉटरमार्क मागून मेणासारख्या कशानेतरी काढलेला असतो म्हणे, तसलं माझ्या हाती अजून लागलेलं नाही. पाचपैकी चार स्टार, भिंगाचे पैसे मात्र वेगळे धरा.